शिल्लक पाहून प्रवास : जुन्या विजेच्या गाडीचा पहिला लांब पल्ला

व्यापारी कुटुंबात वाहनाची खरेदी हौसेने होते. परंतु तिचे समर्थन मात्र नेहमी हिशेबानेच केले जाते. गेल्या काही वर्षांत विजेवर चालणाऱ्या मोटारी शहरांत रुळल्या आणि त्यांतील पहिल्या पिढीच्या गाड्या आता जुन्या वाहनांच्या बाजारात येऊ लागल्या आहेत. नव्या गाडीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत त्या मिळतात. घर ते दुकान, दुकान ते मार्केट यार्ड, मुलांची शाळा, संध्याकाळचे देवदर्शन असा दिनक्रम अशा गाडीवर सुखाने चालतो. रात्री प्लग लावावा, सकाळी निघावे.

प्रश्न उभा राहतो तो पहिल्या लांबच्या प्रवासाच्या वेळी. पुण्यातील घर आहे, कोल्हापूरला नात्यात साखरपुडा आहे, आजी-आजोबांनाही न्यायचे आहे. अशा वेळी घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, या गाडीचा भरवसा नको, भाड्याची गाडी सांगावी. दुसरा म्हणतो, कंपनीच्या कागदावर तीनशे किलोमीटरांचा पल्ला लिहिला आहे आणि कोल्हापूर तर दोनशे पस्तीसच आहे, मग भीती कसली? दोन्ही पक्षांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. पहिला पक्ष गाडीची क्षमता कमी लेखतो, दुसरा कागदावरच्या आकड्याला हातातली रोकड समजतो.

या पहिल्या प्रवासात बॅटरीपेक्षाही घरातील विश्वास पणाला लागलेला असतो. मधुमेहाच्या गोळ्या आणि जेवणाच्या वेळा सांभाळणारे आजोबा भर उन्हात बंद चार्जरसमोर तासभर बसून राहिले, तर ती गाडी पुन्हा कधी शहराबाहेर निघत नाही. चार-सहा लाख रुपये गुंतवलेली वस्तू मग केवळ बाजारहाटाची होऊन बसते. उलट, पहिला प्रवास शांतपणे पार पडला, तर दुसऱ्या वेळी कोणी प्रश्नही विचारत नाही. म्हणून तयारीचे दोन-तीन दिवस वाया जात नाहीत. तेच या व्यवहाराचे खरे भांडवल होय.

कागदावरचा पल्ला आणि हातातला पल्ला

बँकेतून कॅश क्रेडिट घेणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्यास एक गोष्ट ठाऊक असते. गोदामात दहा लाखांचा माल असला, तरी बँक दहा लाख उचलू देत नाही. न खपणारा जुना माल आधी वजा होतो, मग मार्जिन वजा होते, आणि जे उरते तीच खरी उचल मर्यादा. विजेच्या जुन्या गाडीचा पल्ला नेमका याच रीतीने मोजावयास हवा.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. टाटा नेक्सॉन ईव्ही ही गाडी जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. तिची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तासांची, म्हणजे घरच्या वीजबिलाच्या भाषेत ३०.२ युनिटांची. पुण्यातच असलेल्या एआरएआय या संस्थेच्या चाचणीनुसार तिचा पल्ला ३१२ किलोमीटर. ही चाचणी प्रयोगशाळेत, ठरावीक वेगाच्या चक्रात होते. एका गाडीची दुसरीशी तुलना करण्यास ती उत्तम. परंतु चार माणसे, सामान, एसी आणि महामार्गाचा वेग तिच्या हिशेबात नसतो.

आता वजावटी करू. चार-पाच वर्षे वापरलेल्या बॅटरीची क्षमता दहा टक्क्यांनी घटली असे धरले, तर हाती साधारण २७ युनिट राहतात. महामार्गावर ताशी ८० किलोमीटर वेगाने भरलेली गाडी किलोमीटरला सुमारे ०.१५ युनिट खाते असे धरावे. २७ भागिले ०.१५ म्हणजे १८० किलोमीटर. याचाच अर्थ, पडद्यावरील एक टक्का म्हणजे १.८ किलोमीटर. आता मार्जिन : शेवटचे वीस टक्के कधीही प्रवासाच्या हिशेबात धरू नयेत. पूर्ण भरलेल्या गाडीचा पहिला टप्पा त्यामुळे १४४ किलोमीटरांचा होतो. वाटेतील जलद चार्जरवर साधारणतः ८० टक्क्यांपर्यंतच भरणे सोयीचे असल्याने पुढील प्रत्येक टप्पा १०८ किलोमीटरांचा राहतो. ३१२ हा कागदावरचा आकडा. १४४ आणि १०८ ही उचल मर्यादा.

वीस टक्क्यांचे मार्जिन काहींना जास्त वाटेल. परंतु ते ३६ किलोमीटरच होत. पहिला चार्जर बंद निघाला, तर दुसऱ्यापर्यंत नेणारी तीच पुंजी. शिवाय लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी प्रकारच्या बॅटरीत टक्केवारीचा अंदाज, ती बरेच दिवस पूर्ण भरली गेली नसेल तर चुकू शकतो आणि तळाशी आलेला आकडा एकदम घसरू शकतो. म्हणून प्रवासाच्या आदल्या काही दिवसांत घरच्या संथ चार्जरवर गाडी एकदा पूर्ण शंभर टक्के भरून घ्यावी. म्हणजे दाखवलेली शिल्लक आणि खरी शिल्लक यांचा मेळ बसतो.

निघण्यापूर्वी जुन्या गाडीची झडती

नव्या गाडीला जे विचारावे लागत नाही, ते जुन्या गाडीला विचारावे लागते.

पहिली गोष्ट बॅटरीच्या प्रकृतीची. अधिकृत सेवा केंद्रात बॅटरीची तपासणी करून तिच्या उरलेल्या क्षमतेचा लेखी अहवाल मागावा. वरच्या हिशेबातील दहा टक्के हे केवळ गृहीतक आहे. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा निघेल. बॅटरीची हमी अनेक कंपन्या आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत देतात. मात्र ती दुसऱ्या मालकाकडे कोणत्या अटींवर येते, हे लेखी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. विजेच्या गाडीतही १२ व्होल्टची एक लहान, नेहमीची बॅटरी असते. दरवाजे, पडदे, संगणक हे सारे तिच्यावर जागे होतात. ती दुबळी झाली तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. तिजोरी भरलेली, पण किल्ली हरवलेली, असा तो प्रकार. चार वर्षांची जुनी गाडी असेल आणि ही बॅटरी मूळचीच असेल, तर ती तपासून, गरज पडल्यास बदलूनच निघावे.

तिसरी गोष्ट गाडीशी जोडलेल्या मोबाइल ॲपची. ते पूर्वीच्या मालकाच्या नावावरच राहिले असेल, तर ते आपल्या नावावर करून घ्यावे. चौथी, टायर. आधीच्या मालकाने कोणते टायर बसवले आहेत ते पाहावे आणि हवा कंपनीने सांगितलेल्या दाबाची ठेवावी. हवा कमी असली की वीज अधिक लागते. पाचवी, सोबतची पोर्टेबल चार्जिंग केबल. जुन्या गाडीच्या व्यवहारात ती बरेचदा मागे राहते.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे जलद चार्जिंगचा सराव. शहरातल्या शहरात गाडी वापरणाऱ्याने कदाचित जलद चार्जरची गन कधी हातातही घेतलेली नसते. ॲप उघडणे, वॉलेटमध्ये पैसे भरणे, गन लावणे, चार्जिंग सुरू करणे, ते थांबवून गन सोडवणे, हे सारे घराजवळच्या चार्जरवर एकदा करून पाहावे. काही अडले तर रिक्षाने घरी येता येते. महामार्गावर ती सोय नसते.

तालमीचे शंभर किलोमीटर

एक किलोमीटरला किती वीज लागते, हा आकडा दुसऱ्याच्या अनुभवावरून उसना घेऊ नये. तो स्वतःच्या गाडीवर काढावा. त्यासाठी एखाद्या रविवारी गाडी पूर्ण भरावी, घरची चार माणसे बसवावीत, एसी चालू ठेवावा आणि पुणेकरांनी शिरवळपर्यंत जाऊन परत यावे. जाऊन-येऊन सुमारे शंभर किलोमीटर होतात. ज्या उंचीवरून निघालो त्याच उंचीवर परतल्यामुळे चढ-उतारांचा बराचसा परिणाम एकमेकांत वजा होतो. वेग ताशी ८० च्या आसपास ठेवावा.

घरी परतल्यावर किती टक्के खर्च झाले ते पाहावे. छप्पन्न टक्के गेले असतील, तर टक्क्याला १.८ किलोमीटर हा वरील हिशेब बरोबर ठरला. पासष्ट टक्के गेले असतील, तर टक्क्याला दीड किलोमीटरच धरावे आणि सारे टप्पे त्याप्रमाणे लहान करावेत. गाडी स्वतः दाखवते तो 'उरलेला पल्ला' मागील काही काळाच्या वापरावर बेतलेला असतो. शहरातील संथ वाहतुकीनंतर तो फुगलेला दिसतो आणि महामार्गाला लागताच भरभर उतरू लागतो. तो पाहून आनंदू नये आणि घाबरूही नये. टक्के आणि किलोमीटर हे दोनच आकडे विश्वासाचे.

पुणे ते कोल्हापूर : टप्प्यांचा रोजमेळ

आता हा हिशेब प्रत्यक्ष रस्त्यावर मांडू. पुणे ते कोल्हापूर हा राष्ट्रीय महामार्ग ४८ वरचा सुमारे २३५ किलोमीटरांचा प्रवास. खंबाटकी ओलांडली की सुमारे ८० किलोमीटरांवर सुरूर, म्हणजे वाईचा फाटा लागतो. तेथून साताऱ्यास सुमारे ३१ आणि कराडास सुमारे ८३ किलोमीटर. कराडहून कोल्हापूर सुमारे ७२.

पहिला टप्पा, पुणे ते सुरूर परिसर. निघताना १०० टक्के. ८० किलोमीटरांसाठी ४४ टक्के आणि कात्रज-खंबाटकीच्या चढांसाठी ५ टक्के, एकूण खर्च ४९. पोचताना शिल्लक ५१. तेथे ८० टक्क्यांपर्यंत भरणा.

दुसरा टप्पा, सुरूर ते कराड. ८३ किलोमीटर, खर्च सुमारे ४७. कराडला पोचताना शिल्लक ३३. तेथे ७५ टक्क्यांपर्यंत भरणा.

तिसरा टप्पा, कराड ते कोल्हापूर. ७२ किलोमीटर, खर्च ४०. कोल्हापूरला पोचताना शिल्लक ३५.

कोणी म्हणेल, पूर्ण भरलेली गाडी साताऱ्यापर्यंत सहज जाते, मग पहिला थांबा अलीकडे सुरूरलाच कशासाठी? जाते हे खरे. परंतु साताऱ्याला पोचताना हाती ३४ टक्केच उरतात आणि तेथील चार्जर नेमके बंद असले, तर पुढे कराड आणखी ५२ किलोमीटर, म्हणजे २९ टक्के. कराडला पाच टक्क्यांवर पोचण्याची पाळी येते. सुरूरच्या पट्ट्यात ५१ टक्के शिल्लक असताना थांबले आणि तेथे जमले नाही, तर सातारा १७-१८ टक्क्यांच्या अंतरावर आहे. तेथे पोचूनही हाती ३३ उरतात. कराडचे गणितही असेच आहे. तेथे अडले, तर पुढे सुमारे ३० किलोमीटरांवर पेठ नाका आहे आणि तेथवर जाण्याइतकी शिल्लक हाती आहे.

नियोजनाचे सूत्र यातच आहे. ज्या चार्जरवर थांबायचे, त्याच्या पुढच्या चार्जरपर्यंत जाता येईल एवढी शिल्लक हाती असतानाच पहिल्यावर पोचावे. एकाच ग्राहकाच्या धनादेशावर महिन्याची सारी देणी ठरवणारा व्यापारी जसा धोक्यात असतो, तसाच एकाच चार्जरवर भिस्त ठेवणारा प्रवासी.

दोन लहान थांबे, एक मोठा नव्हे

एकदाच शंभर टक्के भरून घ्यावे आणि सुटावे, असा मोह स्वाभाविक आहे. पण जलद चार्जिंगची गती सारखी राहत नाही. साधारण ८० टक्क्यांनंतर बॅटरीच्या सुरक्षिततेसाठी गाडी स्वतःच वीज कमी घेऊ लागते. पुढच्या वीस टक्क्यांना मग आधीच्या वीसपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. मागे दुसरी गाडी वाट पाहत उभी असेल, तर ते सौजन्यालाही धरून होत नाही.

दुसरा गैरसमज चार्जरच्या पाटीवरील आकड्याचा. पाटीवर ६० किलोवॅट लिहिले असले, तरी गाडी तिच्या क्षमतेइतकीच वीज घेते. वर सांगितलेल्या पहिल्या पिढीच्या गाडीसाठी कंपनीने शून्य ते ८० टक्क्यांना एक तास सांगितला होता. म्हणजे तासाला साधारण २४ युनिट. त्या हिशेबाने सुरूरला २९ टक्के, म्हणजे सुमारे ८ युनिट भरण्यास वीस-पंचवीस मिनिटे आणि कराडला ४२ टक्के, म्हणजे ११ युनिटांहून थोड्या अधिकसाठी तीस-पस्तीस मिनिटे लागतील. गन लावणे, ॲपची खटपट आणि थोडी रांग धरून दोन्ही थांबे मिळून सव्वा तास ते दीड तास हाती ठेवावा. ज्येष्ठांना पाय मोकळे करण्यास इतका वेळ एरवीही द्यावाच लागतो.

वेगाचाही हिशेब पाहण्याजोगा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेले की तो दीडपटीहून अधिक होतो. समजा, त्यामुळे एकूण वीज पाव हिश्श्याने अधिक लागली. सुरूर-कराड टप्प्यात मोकळ्या रस्त्यावर बारा मिनिटे वाचतील. पण तीन युनिट जास्त जातील आणि ते परत भरण्यास आठ-नऊ मिनिटे लागतील. मार्जिनमधले अकरा-बारा टक्के गेले ते वेगळेच.

घाटाची भीती मात्र आकड्यांत पाहिली की कमी होते. माणसांसह पावणेदोन टनांची गाडी १०० मीटर उंच चढवण्यास सुमारे अर्धा युनिट, म्हणजे आपल्या हिशेबात दोन टक्के लागतात आणि उतारावर मोटार जनित्राचे काम करत असल्याने त्यातील काही भाग परत मिळतो. वाहतूक कोंडीतही या गाडीचे फारसे बिघडत नाही. एसी चालू ठेवून तासभर उभे राहावे लागले, तरी साधारण एक युनिट, म्हणजे चारेक टक्के जातील.

चार्जरची खातरजमा

केंद्र सरकारच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किलोमीटरांवर चार्जिंग स्टेशन असावे असे म्हटले होते. परंतु असावे आणि आहे यांतील अंतर व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक थांब्यासाठी एक मुख्य आणि एक पर्यायी चार्जर कागदावर लिहून काढावा आणि पुढील बाबी तपासाव्यात.

चार्जरचा प्रकार. सध्याच्या बहुतेक मोटारींना जलद चार्जिंगसाठी सीसीएस-२ प्रकारची गन लागते. काही जुन्या सरकारी चार्जरवर भारत डीसी-००१ प्रकारची गन असते; ती या गाड्यांना बसत नाही. नकाशावर केवळ हिरवा ठिपका पाहून विसंबू नये.

चार्जर रस्त्याच्या कोणत्या बाजूस आहे. दुभाजकाच्या पलीकडचा चार्जर डोळ्यांना दिसतो, पण तेथे पोचण्यासाठी पुढच्या पुलाखालून वळून यावे लागते आणि रस्त्याचे काम चालू असेल तर वळसा आणखी लांबतो.

चार्जर चालू आहे का. ॲपवर शेवटचे यशस्वी चार्जिंग केव्हा झाले ते काही ठिकाणी दिसते. शक्य असेल तर तेथील हॉटेलला किंवा पंपाला फोन करून विचारावे. प्रश्नही नेमका असावा : 'आज सकाळपासून एखादी गाडी चार्ज झाली का?' चार्जर आहे का, या प्रश्नाला होकार मिळतो. त्यावरून तो चालतो असे सिद्ध होत नाही.

पैसे कसे भरायचे. टाटा पॉवर, जिओ-बीपी, स्टॅटिक, चार्जझोन अशा निरनिराळ्या कंपन्यांची ॲप वेगळी आणि वॉलेटही वेगळे. आपल्या मार्गावरील दोन-तीन कंपन्यांची ॲप घरीच उतरवून, नोंदणी करून, थोडी रक्कम भरून ठेवावी. नोंदणी मुलाच्या मोबाइलवर आणि मुलगा दुकानात, असे झाले की ओटीपीसाठी फोनाफोनी सुरू होते. जो गाडीत असेल, त्याच्याच मोबाइलवर खाते असावे. एक खाते दुसऱ्या माणसाच्या मोबाइलवरही ठेवावे. ऊर्जा दक्षता ब्यूरोने डिसेंबर २०२२ मध्ये 'ईव्ही यात्रा' हे पोर्टल आणि ॲप सुरू केले. चार्जर शोधण्यास त्याचाही उपयोग होतो.

याखेरीज रस्त्यावरील मदतसेवेचा क्रमांक लिहून ठेवावा आणि एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. विजेची गाडी चाके जमिनीवर ठेवून दोराने ओढू नये. ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

मुक्कामी चार्जिंग आणि यजमानाचे घर

कोल्हापूरला ३५ टक्क्यांवर पोचलेली गाडी रात्रीतून भरून घेता आली, तर परतीचा प्रवास निम्मा सोपा होतो. ६५ टक्के म्हणजे साडेसतरा युनिट. भरतानाची गळती धरून वीसेक युनिट. १५-१६ अँपिअरच्या प्लगवरून तासाला सुमारे तीन युनिट मिळाले, तर सात तास पुरतात. रात्री दहाला लावलेली गाडी पहाटे पाचला तयार.

पण यजमानाच्या घरात पाऊल टाकताच प्लग शोधू नये. आठवडाभर आधी फोन करून विचारावे. पार्किंगपाशी १५-१६ अँपिअरचा प्लग आहे का, त्याला स्वतंत्र एमसीबी आहे का, अर्थिंग नीट आहे का, हे त्यांच्या वायरमनकडून पाहून घेण्याची विनंती करावी. गीझरचा प्लग तासभर भार सोसतो. गाडीचा प्लग सलग सात तास सोसावा लागतो. जुन्या वाड्यातील बारीक वायरिंगवर किंवा खिडकीतून सोडलेल्या साध्या एक्स्टेंशन बोर्डवर गाडी लावणे म्हणजे यजमानाच्या घराला आगीचा धोका पत्करायला लावणे. प्लग तापत असेल, वास येत असेल, तर तत्काळ बंद करावे आणि शहरातील सार्वजनिक चार्जरवर जावे. पाहुणचारात संकोच असतो. सुरक्षिततेत तो नसावा.

वीस युनिटांचे दोन-अडीचशे रुपये यजमान घेणार नाहीत. तरी त्यांच्या वीजबिलात ते दिसणार आहेत, हे आपण विसरू नये. मुलांच्या हाती खाऊ ठेवावा, फळांची करंडी न्यावी. पण आपण काय घेतले याची जाणीव शब्दांत व्यक्त करावी.

परतीची वेळही याच हिशेबात बसवता येते. आपल्याकडे अनेक घरांत सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम आहे आणि हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी एकला कोल्हापूर सोडले, सव्वादोनला कराडला अर्धा तास थांबून ८५ टक्क्यांपर्यंत भरले, तर सव्वाचार-साडेचारला सुरूरच्या पट्ट्यात पोचता येते. तेथील चाळीस मिनिटांत गाडी ८० टक्क्यांवर येते आणि घरून आणलेला डबा शांतपणे उघडता येतो. थांब्याची निवड करताना म्हणूनच हॉटेलच्या नावापेक्षा सावली, बसण्याची जागा, स्वच्छतागृह आणि पिण्याचे पाणी पाहावे.

नफा-तोट्याचा ताळा

खर्चाचा ताळा प्रामाणिकपणे मांडावा. जाण्याच्या प्रवासात एकूण १३६ टक्के, म्हणजे सुमारे ३७ युनिट लागले. त्यांतील १९ युनिट सार्वजनिक चार्जरवरचे. सगळा आकार धरून दर २२ रुपये मानला, तर सव्वाचारशेच्या आत-बाहेर. उरलेले साडेसतरा घरचे. गळतीसह २० युनिट, दर १२ रुपये धरून २४० रुपये. एकूण सुमारे ६६० रुपये. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीस, १०५ रुपये दर धरून, याच प्रवासास सुमारे १,६५० रुपये लागले असते.

बचत सुमारे हजार रुपयांची आहे आणि तिच्यासाठी सव्वा ते दीड तास मोजावा लागतो. वर्षातून चार प्रवास करणाऱ्याने केवळ या बचतीसाठी अशी गाडी घेऊ नये. गाडीचा खरा फायदा रोजच्या शहरी वापरात, घरच्या दराच्या विजेवर आहे. लांबचा प्रवास ही तिची जमेची जादा बाजू. आठवड्यातून तीनदा वसुलीसाठी परगावी जाणाऱ्या व्यापाऱ्यास लहान बॅटरीची जुनी गाडी सोयीची नाही, हेही स्पष्ट बोलावयास हवे.

निघण्यापूर्वी एक साधा कागद करावा. प्रत्येक थांब्यासमोर चार रकाने : पोचताना अपेक्षित शिल्लक, किती भरायचे, निघताना शिल्लक, आणि पर्यायी चार्जरचे अंतर. तो कागद चालकाशेजारी बसणाऱ्याच्या हाती द्यावा. नातू किंवा नात असेल तर अधिक चांगले. प्रत्यक्ष शिल्लक अपेक्षेपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक कमी दिसली, तर पुढचा टप्पा लहान करावा किंवा वेग उतरवावा. वाद घालत बसू नये. मागच्या आसनावरील आजोबांनाही तो कागद दाखवावा. आयुष्यभर रोज रात्री गल्ला मोजून रोजमेळ जुळवलेल्या माणसाला टक्केवारीची भाषा समजावून सांगावी लागणार नाही. कराडला कागदावर ३३ लिहिले असेल आणि पडद्यावर ३४ दिसले, तर त्या घरातील पहिल्या पक्षाचा प्रश्न तेथेच संपेल.